केवळाला शिकवलेले विमानाचे नियम

३० डिसेंबर २०२४, सोमवार, वेळ अमावस्या

रेणापूरला मेव्हण्याच्या शेतात जेवायला गेलो होतो. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी झकास झाली होती, आंबील मात्र पातळ. तसं मी तोंडावर सांगितलं. जेवण चालू असतानाच जावयाचा, आदर्शचा, बंगळूरहून फोन आला. आमची दोघांची विमानाची तिकिटं काढलीत म्हणे, २४ जानेवारी, नांदेडहून. लेकीला, तनुजाला, डॉक्टरनं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली आहे. बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, पण तिला प्रवास बंद केलाय, म्हणून आता माहेरानंच उठून तिच्याकडं जायचं. "मामा, आईंना घेऊनच या," असं आदर्शनं दोनदा बजावलं.

बायकोनं, केवळानं, हातातला बाजरीचा उंडा ताटात ठेवला आणि सगळ्यांसमोर रडायला लागली. गेल्या खेपेला आठव्या महिन्यात तनुजाला दवाखान्यात ठेवलं, तेव्हाही हिनं जायचा असाच धोशा लावला होता. तेव्हा माझा निवृत्तीचा सत्कार होता. मी म्हणालो, सत्कार उरकू दे, मग जाऊ. सत्कार उरकला तोवर मूल गेलं होतं, मग जाऊन करायचं काय? त्यात माझा काही दोष नाही. पण सत्काराची शाल हिनं तेव्हापासून ट्रंकेच्या तळाशी दडपून ठेवली आहे, मागितली तरी काढून देत नाही.

हुरळून जाऊ नये म्हणून मी तिथंच सांगून टाकलं, विमान म्हणजे एसटी नव्हे, तिथं नियम असतात. तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "काय नियम असत्यात?" मी म्हणालो, शिकवीन.

२ जानेवारी, गुरुवार

आयुष्य शाळेत गेलं, शेवटी पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. वर्ग कसा ताळ्यावर आणायचा हे मला कुणी शिकवायला नको. विमानातही मी बसलेलो आहे. एकदाच, संस्थाचालकांबरोबर दिल्लीला, त्यांची बॅग माझ्याकडंच होती. पण एकदा बसलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

आज पहिला धडा दिला. विमानात सामानाचं वजन करतात, तसं माणसाचंही करतात. बाईमाणूस ठरल्यापेक्षा जड भरली तर तिला मागं सामानात बसवतात आणि विमान एका बाजूला कलायला लागलं तर उतरवतात. खरं म्हणजे बोलता बोलता सुचलं, पण आता विचार करतो तर वाटतं, करतही असतील. केवळाला मोंढ्यातल्या ओळखीच्या आडत्याकडं नेलं आणि सोयाबीनच्या काट्यावर उभं केलं. हमाल हसले. आडत्या म्हणाला, "सर, यांची विक्रीची पट्टी कोणाच्या नावानं करू?" मी पण हसलो. हिला मात्र थट्टा कळत नाही, लग्न झाल्यापासून कळली नाही. घरी येईपर्यंत पदर तोंडाला लावून होती.

वजन जास्तच आहे. उद्यापासून एकच भाकरी.

८ जानेवारी, बुधवार

केवळा सकाळी नळावर चक्कर येऊन बसली. हिला साखर आहे, त्याचं निमित्त. मी म्हणालो, भाकरी वाढवायची तर वाढव, पण मग तनुजाकडं मी एकटा जातो. अर्धीच खाते आता, एक सांगितली तरी. शिस्त लागते माणसाला, लावणारा पाहिजे.

आदर्शचा फोन. म्हणाला, "मामा, खोबऱ्याच्या वाट्या हातातल्या पिशवीत ठेवू नका. काढून घेतात." मी विचारलं, खोबरं? म्हणे त्यात तेल असतं, पेट घेतं. आणि फोन चार्ज करायची ती बॅटरी मात्र सामानात टाकायची नाही, हातातच धरायची. म्हणजे एक वस्तू खाली चालते वर नाही, दुसरी वर चालते खाली नाही. कोण बसून हे ठरवतं कोण जाणे. असला नियम मलासुद्धा सुचला नसता.

केवळानं तनुजाच्या ओटीसाठी वाट्या आणून ठेवल्या होत्या, अख्ख्या, तांबूस, निवडून. मी त्या तिच्यासमोर फोडल्या. मोठ्या सामानात घालता येतील का असं ती विचारत होती, पण तेवढा घोळ कशाला?

१२ जानेवारी, रविवार

फोडलेलं खोबरं वाया जाऊ नये म्हणून केवळानं ते किसून लाडवांत घातलं. डिंक, खारीक, मेथी, सगळं मिळून स्टीलचा डबा गच्च भरला. दोन दिवस खलबत्ता चालू होता. मी एक लाडू उचलला आणि शरणप्पाला दाखवला. शरणप्पा म्हणजे आमचा शेजारी, तोही निवृत्त. म्हणालो, "शरणप्पा, ही आमच्या घरची बॉम्बची फॅक्टरी." माझी ही थट्टा जुनीच, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासूनची. पावणेरावळे आले की लाडवांचं ताट मी असंच पुढं करतो आणि लोक पोट धरून हसतात. शरणप्पा हसला. त्याची बायको गुरम्मा तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "सर, एक खाऊन तरी बघा. भुसभुशीत झालेत." त्या बाईला मधे बोलायची खोड आहे.

नवीन नियम सांगितले. विमानात तोंड उघडायचं नाही, विचारलं तर नवऱ्याकडं बघायचं. हिरव्या बांगड्या चालत नाहीत. हवाईसुंदरी आली की उभं राहायचं नाही, पण मान खाली घालायची. केवळा सगळं मनात घोळवत असते. चुलीपुढं बसून ओठ हलवताना मी पाहिलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

संक्रांतीचं हळदीकुंकू आज होतं. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या, म्हटलं सगळ्यांदेखत एकदा तालीम घ्यावी, म्हणजे नांदेडला फजिती नको. ओसरीत प्लास्टिकची खुर्ची मांडली. केवळाला हात वर करायला लावले आणि लाटणं तिच्या अंगावरून फिरवलं, यंत्र फिरवतात तसं. बायका हसल्या. मग खुर्चीवर बसवून माझा कातडी पट्टा तिच्या पोटावरून आवळला. सांगितलं, आता विमान वर चाललंय, दिवा लागलेला आहे, दिवा विझेपर्यंत उठायचं नाही.

थोड्या वेळानं म्हणाली, "अहो, मला उठू द्या." मी म्हणालो, दिवा चालू आहे. परत म्हणाली. साखरेच्या माणसाला सारखं जावं लागतं हे मला माहीत आहे, पण विमानात कोण ऐकणार? आत्ताच सवय झालेली बरी. मी चहा घेत बसलो. तिसऱ्यांदा ती बोलली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली. मग खुर्चीखाली फरशी ओली झाली.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मी म्हणालो, "विमान गळायला लागलं की." कुणी हसलं नाही, हल्ली लोकांना विनोदाचं वावडं झालंय. गुरम्मानं पट्टा सोडला आणि केवळाला आत नेलं. वाण वाटायचं राहूनच गेलं, संक्रांतीचे डबे तसेच पडून आहेत. केवळानं नंतर स्वतःच फरशी पुसली. तिला वाईट वाटलं असावं, पण मीही काही मुद्दाम केलं नाही. नियम नियम असतो.

२१ जानेवारी, मंगळवार

केवळा चार दिवस दुपारची गुरम्माकडं जाते. विचारलं तर म्हणते, "बाळंतिणीच्या शेकाचं विचारायला." गुरम्मा काशीला विमानानं जाऊन आलेली आहे, तिथं बसून ही नको ते शिकत असेल अशी शंका आली. पण तसं दिसत नाही. उलट मला एकही नियम विचारत नाही. भाकऱ्या पुन्हा दोन खायला लागली आहे. मी म्हणालो, काटा आठवतो ना? म्हणाली, "हाव, आठवतो," आणि तिसरी घेतली. हिरव्या बांगड्याही भरून आली कासारणीकडून. काढायला सांगितल्यावर म्हणाली, तिथं काढीन.

एकंदरीत शांत वाटते. शिकवलेलं अंगी मुरलं की मुलं अशीच शांत होतात.

२५ जानेवारी, शनिवार

काल लिहायला जमलं नाही. आज सगळं लिहून ठेवतो, कारण लोक काहीही बोलतील.

गाडी करून सकाळी निघालो. अहमदपूर, लोहा करत वेळेत नांदेडला पोचलो. सव्वीस जानेवारी तोंडावर, त्यामुळं विमानतळावर तपासणी कडक होती. केवळाचं आधार कार्ड माझ्याच खिशात होतं. आत गेल्यावर पहिल्यांदा मी पाहिलं ते वजनाचं. सामानाचं केलं, माणसाचं केलं नाही. केवळानंही पाहिलं. काटा रिकामा झाल्यावर ती त्याच्याकडं जरा वेळ बघत उभी होती. मी म्हणालो, हिवाळ्यात करत नसतील.

पुढं तपासणीची रांग. बायकांना पडद्याआड नेलं आणि बांगड्यांसकट परत पाठवलं. पिशव्या यंत्रातून गेल्या आणि लाडवांचा डबा अडला. खाकीतल्या एका पोरीनं तो बाजूला घेतला. पोर म्हणजे तनुजाच्याच वयाची. विचारलं, "कुणाचा डबा? काय आहे यात?"

केवळा गप्प उभी, मी शिकवल्याप्रमाणे. मग माझ्याकडं वळली आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "तुम्हीच सांगा की. घरी काय म्हणता याला?"

चारचौघांत तोंड न उघडणारी बाई. मला बरं वाटलं. म्हटलं, प्रवासानं का होईना, हिला एकदाची थट्टा कळायला लागली. रांगेत बरीच माणसं होती, सगळी माझ्याकडंच बघत होती. मी म्हणालो, "बॉम्ब हाय बॉम्ब. जपून धरा, फुटंल."

कुणी हसलं नाही. त्या पोरीनं डबा खाली ठेवला आणि हात वर करून कुणाला तरी खूण केली. दोन जवान आले, माझ्या दंडाला धरलं. मी सांगत होतो, अहो लाडू आहेत, मी पर्यवेक्षक होतो, माझे विद्यार्थी तुमच्या खात्यात आहेत. साहेब म्हणाला, इथं असली थट्टासुद्धा चालत नाही, नियम आहे. लाडवाला बॉम्ब म्हणायचं नाही असा नियम? आपल्याच बायकोचा लाडू! पण ऐकतो कोण?

मग साहेबानं केवळाला विचारलं, "मावशी, हे कोण तुमचे?"

"मालक."

"काय म्हणाले हे आत्ता?"

"बॉम्ब म्हणाले, साहेब."

"थट्टेनं म्हणाले का?"

एक शब्द बोलायचा होता हिनं. मी डोळ्यांनी खुणावत होतो. ती माझ्याकडं बघून, अगदी शांतपणे म्हणाली, "मला थट्टा कळत न्हाई साहेब. हेच म्हणत्यात तसं."

भेदरली होती. खाकी कपडे बघितले की खेड्यातल्या बाईचं असंच होतं.

मला एका खोलीत बसवलं. माझे बूट काढले, पट्टा काढला. लेखी जबाब घेतला. टेबलावर लाडू एकेक करून फोडले. मला लघवीला जायचं होतं. मी सांगितलं तर तो जवान म्हणाला, "साहेब आल्याबिगर उठता येत न्हाई." दोनदा सांगितलं. पुढचं लिहीत नाही.

खोलीला काच होती, दार उघडंच होतं. विमान कंपनीची एक मुलगी केवळाला विचारत होती, "आई, यांना आज जाता येणार नाही. तुम्ही थांबता का जाता?"

"जाते."

भाजी कुठली करू म्हणून सुद्धा हिला मला दहा वेळा विचारावं लागतं. घाबरल्यावर माणूस पहिलं सुचेल ते बोलून जातं, तसंच हे. मी आतून हाक मारली, "अगं थांब, सोडतील मला आत्ता." ती आत आली. मला वाटलं, थांबायला आली. माझ्या ओल्या विजारीकडं तिनं पाहिलं, मग हात पुढं केला. "माझं आधार द्या."

"तू एकटी कशी जाशील? तुला काय कळतं त्यातलं?"

"आधार द्या."

जवान बघत होता, म्हणून दिलं. फुटलेल्या लाडवांचा चुरा त्या खाकीतल्या पोरीनं डब्यात भरून दिला होता, तो डबा कडेवर घेऊन ती निघाली. आमच्या नांदेडला विमानाकडं चालतच जावं लागतं, काचेतून सगळं दिसतं. त्या विमानवाल्या मुलीनं हात पुढं केला होता, पण ती एकटीच चढली, कठडा धरून. मागं वळून बघितलं नाही. विमानाकडं जाताना मागं वळून बघता येत नाही, तसा नियम असतो. असणारच.

बसनं लातूरला परत आलो. काही महिने माझं नाव बंदीच्या यादीत राहील, असं सांगितलं आहे.

२८ जानेवारी, मंगळवार

गल्लीत बातमी पोचलीच. शरणप्पा येऊन बसला. गुरम्मा दारातूनच म्हणाली, "मी केवळाबाईला बजावलं होतं की. तिथं बॉम्बचं नाव काढलं की धरत्यात. काशीला जाताना आमच्यातल्या एकाला असंच उतरवलं होतं. लई बारीक विचारून घेतलं केवळाबाईनं. दोन दोन वेळा."

मग मला सांगायचं ती विसरली असणार. विसरभोळीच आहे.

घरात चहापत्ती कुठं ठेवते ते सापडेना. फोन केला तर तनुजानं उचलला. म्हणाली, "अण्णा, आई जेवायली. मग करा." मागून भांड्यांचा आवाज येत होता.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. मला आदर्शचा मेसेज आला, फोन नाही. मेसेजखाली फोटो होता, केवळाच्या मांडीवर गाठोडं आणि केवळाच्या हातात हिरव्या बांगड्या. बंगळूरला कुणी काढायला लावल्या नाहीत असं दिसतं.

मी नाव सुचवायला म्हणून फोन केला. नाव ठरलंय म्हणे. काय ते विचारायच्या आत बाळ रडायला लागलं आणि फोन बंद झाला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

खानावळीचं जेवण पोटाला मानवत नाही. केवळाला फोन लावला. म्हणालो, परतीचं तिकीट पुढच्या आठवड्याचं आहे, त्या दिवशी मी गाडी घेऊन नांदेडला उभा राहतो. ती म्हणाली, "न्हाई जमायचं. बाळंतिणीच्या घरातून आलेल्या बाईला सव्वा महिना विमानात घेत न्हाईत."

मी विचारलं, कुणी सांगितलं?

"नियम हाय," म्हणाली.

हा मला ठाऊक नव्हता, पण पटण्यासारखा आहे. सोयेराच्या विटाळाचा प्रश्न असतो, शिवाय जंतू. संध्याकाळी पानपट्टीवर चारजणांना समजावून सांगितला. शरणप्पा माझ्याकडं बघत राहिला आणि पान न खाताच घरी गेला.

१६ मार्च, रविवार

सव्वा महिना झाला. सकाळीच फोन लावला. तनुजानं घेतला. मागं कुणीतरी मोठमोठ्यानं हसत होतं, अगदी खळखळून, थांबायचं नाव नाही. मी विचारलं, "कोण गं हसतंय एवढं? कामवाली का?"

तनुजा म्हणाली, "आई हाय ती, अण्णा."

मला आवाज ओळखू आला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा आवाज घरात कधी ऐकला नव्हता. तिला फोन द्यायला सांगितलं. हसणं तिथंच थांबलं. मी म्हणालो, आता ये. ती म्हणाली, "येता येत न्हाई. ज्याचं नाव यादीत हाय, त्याच्या घरी राहणाऱ्याला बी विमानात घेत न्हाईत."

"कुठवर?"

"ते लिहिलेलं न्हाई."

हे जरा जास्तच वाटलं. माझ्या थट्टेची शिक्षा बायकोला का? पण वाद घालत बसलो नाही. म्हणालो, "मग विमान जाऊ दे. बंगळूरहून लातूरला रेल्वे येते. आदर्शला म्हणावं बसवून दे. मी स्टेशनवर येतो. लई हाल व्हायलेत इथं माझे, केवळा." असं मी कधी बोलत नाही, आज बोलून गेलो.

पलीकडं बाळ कुरकुरलं. तिनं त्याला काहीतरी म्हटलं, मऊ आवाजात, ते मला नीट ऐकू आलं नाही. मग मला म्हणाली, "रेल्वेचे नियम मला ठाऊक न्हाईत. ते तुम्ही शिकवले न्हाईत." आणि फोन ठेवला.

खरंच आहे, राहूनच गेले ते. चूक माझ्याकडून झाली. दुपारी बसून सगळे सविस्तर लिहून काढतो आणि टपालानं पाठवतो. पहिला नियम, बाईमाणसानं एकदा गाडीत बसल्यावर नवऱ्याच्या गावापर्यंत मधे कुठंही उतरायचं नाही. दुसरा सुचला की लिहितो.